सिअर्स टॉवर की विलिस टॉवर? उंचीच्या आणि नावाच्या वादामागचा इतिहास

नाशिकला उंच इमारतींचं आता फारसं अप्रूप राहिलेलं नाही. गंगापूर रोडला, पाथर्डी फाट्याकडे मोठमोठे टॉवर उभे राहतायत. साइटवरच्या फलकावर मजले लिहिलेले असतात, पण त्यात खालचे पार्किंगचे मजले धरलेत का, हे फ्लॅट बघायला गेलेल्या माणसाला विचारून घ्यावं लागतं. महापालिकेच्या नियमात उंची मोजताना गच्चीवरची पाण्याची टाकी आणि लिफ्टची मशीनरूम सोडून देतात. विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकत दाखल्यासाठी मात्र तीच टाकी धरावी लागते, आणि उंची द्यावी लागते ती समुद्रसपाटीपासूनची. म्हणजे इमारत एक, उंचीचे आकडे दोन-तीन, आणि सगळेच खरे.

हाच प्रश्न जगात सगळ्यात गाजला तो अमेरिकेतल्या शिकागो शहरातल्या एका इमारतीवरून, म्हणजे सिअर्स टॉवरवरून. तिची उंची किती यावर वाद झाला, मजले किती यावर मतभेद आहेत, आणि तिला काय म्हणायचं यावर शिकागोकर आजही अडून आहेत.

सिअर्स, रोबक अँड कंपनी ही त्या काळी जगातली सगळ्यात मोठी किरकोळ विक्री करणारी कंपनी. टपालाने कॅटलॉग पाठवून तिने अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत माल विकला. शिकागोत ठिकठिकाणी विखुरलेली आपली कचेरी एका जागी आणायची म्हणून तिने हा टॉवर बांधायला घेतला. आराखडा केला वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहॅम यांनी आणि सांगाडा उभा केला अभियंते फझलुर रहमान खान यांनी. खान १९२९ साली ढाक्याला जन्मलेले. उंच इमारतीला स्वतःच्या वजनापेक्षा आडव्या वाऱ्याचं भय जास्त, आणि मजले वाढतील तसं त्यासाठी लागणारं पोलाद बेसुमार वाढत जातं. खान यांनी त्यावर जो तोडगा काढला तो थोडा सविस्तर सांगायला हवा. ७५ फूट बाजूच्या नऊ चौकोनी पोकळ नळ्या त्यांनी तीन-तीनच्या रांगांत एकमेकींना जोडल्या, म्हणजे वारा कुठूनही आला तरी सगळ्या मिळून त्याला तोंड देतात. सगळ्या नळ्या शेंड्यापर्यंत नेलेल्या नाहीत. दोन ५० व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६ व्या, तीन ९० व्या, आणि उरलेल्या दोनच वरपर्यंत जातात. इमारतीचा तो पायऱ्यापायऱ्यांचा आकार यातून आला. माझ्या मते या इमारतीची खरी थोरवी या नऊ नळ्यांत आहे. इमारतीच्या पायथ्याच्या चौकाला १९९८ साली शिकागो शहराने फझलुर खान यांचं नाव दिलं, ते योग्यच झालं.

१९७३ च्या मे महिन्यात इमारत पूर्ण उंचीला पोचली: १४५० फूट, म्हणजे ४४२ मीटर. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचा १३६८ फुटांचा विक्रम मोडला. मजले सांगितले गेले ११०. पण त्यात मुख्य छप्पर १०९ वा आणि यंत्रखोलीचं छप्पर ११० वा असा हिशेब आहे. उंच इमारतींची नोंद ठेवणारी परिषद १०८ च मजले धरते.

उंचीचा खरा तंटा पेटला तो १९९६ मध्ये. क्वालालंपूरमध्ये पेट्रोनास टॉवर्स उभे राहत होते. त्यांचे निमुळते सुळके धरले तर उंची ४५२ मीटर, शिकागोपेक्षा दहा मीटर जास्त. सुळके सोडले तर शिकागोची इमारत सरळसरळ उंच. तिथे माणसं वावरतात तो सर्वांत वरचा मजला पेट्रोनासच्या तशाच मजल्यापेक्षा पस्तीस मीटरहून अधिक वर आहे. शिवाय शिकागोच्या छतावर दोन भलेमोठे अँटेना होते. ते धरले असते तर वादच उरला नसता. परिषदेचा नियम असा की सुळका हा वास्तूच्या रचनेचा भाग, म्हणून तो मोजायचा. अँटेना, फलक आणि ध्वजाची काठी पुढेमागे बदलता येते, म्हणून ती मोजायची नाही.

आपल्याला हा नियम चटकन कळतो. काळाराम मंदिराची उंची सांगताना कळस सोडून कुणी मोजणार नाही, आणि कळसावरच्या ध्वजाची काठी त्यात कुणी धरणार नाही. पण कळस मंदिराचाच असतो यावर सगळ्यांचं एकमत आहे. गगनचुंबी इमारतींत मात्र सुळका कुठे संपतो आणि खांब कुठे सुरू होतो, हेच ठरत नाही. १९२९ साली न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगवाल्यांनी १८५ फुटांचा सुळका इमारतीच्या आत गुपचूप जोडून ठेवला आणि ऑक्टोबरमध्ये एकाएकी वर काढला. वॉल स्ट्रीटवरचा प्रतिस्पर्धी टॉवर त्यामुळे मागे पडला. सुळक्याच्या जोरावर बाजी मारायची रीत तिथपासूनची आहे.

पेट्रोनासचा निकाल शिकागोच्या विरुद्ध गेला. पण गदारोळ इतका झाला की परिषदेला उंचीचे चार प्रकार वेगळे करावे लागले: वास्तूच्या टोकापर्यंत, वावराच्या सर्वांत वरच्या मजल्यापर्यंत, छतापर्यंत आणि अँटेनाच्या टोकापर्यंत. पहिला किताब क्वालालंपूरला, मधले दोन शिकागोकडे, अँटेनाचा न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरकडे; तो २००० मध्ये आपला अँटेना वाढवून शिकागोने घेतला. २००४ मध्ये ५०८ मीटरच्या तैपेई १०१ ने त्यातलेही बरेचसे नेले. अँटेनाचा तेवढा शिकागोकडे राहिला, तोही २०१० मध्ये बुर्ज खलिफाने घेतला.

शिकागोला दुसरा फटका २०१३ मध्ये बसला, आणि तो घरच्या घरी. न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरची उंची १७७६ फूट सांगितली गेली होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं साल म्हणून हा आकडा मुद्दाम निवडलेला. पण छत मात्र १३६८ फुटांवर, जुन्या टॉवरइतकंच. वरच्या चारशे फुटांच्या खांबाला जे आवरण घालायचं होतं ते २०१२ मध्ये रद्द झालं होतं. मग तो सुळका की अँटेना? परिषदेच्या समितीने नोव्हेंबर २०१३ मध्ये तो सुळका ठरवला आणि अमेरिकेतली सर्वांत उंच इमारत हा मान शिकागोकडून गेला. परिषदेचं कार्यालय शिकागोतच आहे, हे शिकागोकरांना किती लागलं असेल!

मला विचाराल तर वावराच्या मजल्याची उंची आधी सांगावी आणि सुळक्याची नंतर. याच परिषदेने २०१३ मध्ये दाखवून दिलं की ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफात वरचे २४४ मीटर कुणाच्याही वावराचे नाहीत. आकडा सांगताना ही माहिती सोबत यायलाच हवी.

नावाचा वाद वेगळा. सिअर्स कंपनी १९९० च्या दशकातच टॉवर सोडून उपनगरात गेली. नावावरचा तिचा हक्क २००३ मध्ये संपला, तरी पाटी तशीच राहिली. २००९ मध्ये लंडनच्या विलिस या विमा दलाल कंपनीने इमारतीत सुमारे १ लाख ४० हजार चौरस फूट जागा भाड्याने घेतली आणि त्या करारात नाव मिळवलं. १६ जुलै २००९ पासून तो विलिस टॉवर झाला. सगळी इमारत विकतही घेतलेली नसताना भाडेकरूने नाव न्यावं, याचा शिकागोकरांना राग आला, आणि तो मला पटतो.

नाव असं एकाएकी बदलणं इतरत्रही झालंय. बुर्ज दुबई हे नाव बांधकामभर चाललं. डिसेंबर २००९ मध्ये अबूधाबीने कर्जात बुडालेल्या दुबईला १० अब्ज डॉलरची मदत जाहीर केली आणि ४ जानेवारी २०१० च्या उद्घाटनात बुर्जला अबूधाबीच्या शेख खलिफांचं नाव मिळालं. न्यूयॉर्कच्या फ्रीडम टॉवरचं वन वर्ल्ड ट्रेड सेंटर झालं ते २००९ मध्ये.

लोकांच्या तोंडचं नाव मात्र कराराने सुटत नाही. नाशिकमध्ये महापालिकेच्या लेखी विभागाचं नाव ‘नवीन नाशिक’ आहे. पण रिक्षावाल्याला सांगायचं असतं ‘सिडको’, ज्या महामंडळाने घरं बांधली त्याचंच नाव. शिकागोतही तेच चाललंय. सिअर्स कंपनीने २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, विलिस कंपनी त्याआधीच २०१६ मध्ये टॉवर्स वॉटसन कंपनीशी एकत्र झाली, तरी जुने शिकागोकर सिअर्स टॉवरच म्हणतात. ग्रॅहॅम आणि खान याच जोडीने तिथे बांधलेल्या जॉन हॅनकॉक सेंटरवरून हॅनकॉकचं नाव २०१८ मध्ये निघालं. आता कागदोपत्री त्याला नुसता पत्ता आहे, ८७५ नॉर्थ मिशिगन अव्हेन्यू. बोलताना त्यालाही लोक हॅनकॉकच म्हणतात.