‘कोरियन एका सकाळीत येते’?

सोलला राहायला निघालेल्या माणसाला हे हमखास ऐकवलं जातं. मूळ खरं आहे, पण ते लिपीबद्दल. कोरियाचा राजा सेजोंगची हंगुल ही लिपी १४४६ मध्ये जाहीर झाली. सोबतच्या ग्रंथातच म्हटलंय की शहाण्याला ती सकाळ सरायच्या आत येते, मठ्ठाला दहा दिवसांत. आज मूलभूत अक्षरं २४. दुकानाची पाटी खरोखरच आठवड्यात वाचता येते.

कळत मात्र काही नाही! वाचलेलंही तसंच उच्चारतात असं नाही: ‘स्वातंत्र्य’ला लिहायचं दोक-लिप, म्हणायचं दोंगनिप. आकड्यांचे संच दोन. तीन वाजून तीन मिनिटं म्हणताना पहिला तीन ‘से’, दुसरा ‘साम’. बस चुकते ती इथे.

खरी कसोटी आदराची. आपल्याकडे ‘जेवलास’चं ‘जेवलात’ केलं की भागतं. तिथे वडीलधाऱ्यांच्या खाण्याला क्रियापदच वेगळं. म्हणून पहिल्या भेटीत वय विचारतात. तो भोचकपणा नव्हे, कसं बोलायचं ते ठरवायचं असतं.

मराठी माणसाला एक सवलत आहे: क्रियापद तिथेही वाक्याच्या शेवटीच.