गुरुत्वमध्याचे स्थलांतर

वस्तूत वस्तुमानाची भर पडली, घट झाली किंवा आतल्या आत ते सरकले की तिच्या गुरुत्वमध्याची जागा बदलणे. वस्तूच्या सर्व कणांवरील गुरुत्वबल ज्या एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते, तो गुरुत्वमध्य. रोजच्या व्यवहारातल्या वस्तूंसाठी तो आणि वस्तुमानमध्य एकच धरतात.

नवे वस्तुमान जोडले की गुरुत्वमध्य त्याच्या दिशेने सरकतो. काढून घेतले की उलट दिशेला. किती सरकतो, तेही सोपे आहे: जोडलेले वस्तुमान गुणिले जुन्या गुरुत्वमध्यापासूनचे त्याचे अंतर, भागिले नवे एकूण वस्तुमान. २ मीटर लांब, १० किलोग्रॅमच्या एकसारख्या दांड्याच्या टोकाला २ किलोग्रॅमचा गोळा बसवला, तर गुरुत्वमध्य मधल्या बिंदूपासून सुमारे १७ सेंटिमीटर सरकतो. तोच गोळा नेमका मध्यावर बसवला तर अजिबात सरकत नाही. म्हणून वजन किती वाढले एवढेच विचारणे अपुरे आहे. ते कुठे वाढले हेही विचारावे लागते.

ऊस वाहणाऱ्या बैलगाडीत हे नीट दिसते. मोळ्या आधी पुढून उतरवल्या, तर उरलेल्या भाराचा गुरुत्वमध्य आसाच्या मागे जातो आणि जोखड वर उचलले जाऊन गाडी उलाळ होते. गाडीवरचे ओझे कमी झालेले असते, तरी तोल जातो.

घटणाऱ्या वस्तुमानाचे सर्वांत सुंदर उदाहरण पाण्याने भरलेल्या डब्याचे. २४ ग्रॅम वजनाचा, १२ सेंटिमीटर उंचीचा सरळ डबा घ्या, ज्याचा स्वतःचा गुरुत्वमध्य अर्ध्या उंचीवर आहे आणि ज्यात ३६० ग्रॅम पाणी मावते. तो काठोकाठ भरलेला असताना गुरुत्वमध्य तळापासून ६ सेंटिमीटरवर असतो, आणि पूर्ण रिकामा झाल्यावरही ६ सेंटिमीटरवरच. मधल्या काळात मात्र तो आधी खाली उतरतो आणि मग वर चढतो. सर्वांत खालची जागा २.४ सेंटिमीटरची, आणि त्या क्षणी पाण्याची पातळीही बरोबर २.४ सेंटिमीटर असते. हा योगायोग नव्हे. पातळी गुरुत्वमध्याच्या वर असेपर्यंत निघून जाणारा प्रत्येक थर वरचा भार कमी करतो, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली जातो; पातळी त्याच्या खाली गेली की प्रत्येक थर खालचा भार कमी करू लागतो. दोन्ही पातळ्या जुळतात तिथेच दिशा पालटते.

जहाजबांधणीत हे गणित जिवावर बेतू शकते. स्वीडनचे ‘वासा’ हे युद्धनौकांतले मोठे जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत, सुमारे १,३०० मीटर जाऊन, स्टॉकहोमच्या बंदरात बुडाले. वरच्या डेकांचा आणि तोफांचा भार फार होता आणि त्यामुळे गुरुत्वमध्य फार उंच होता. निघण्याआधी ३० माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून जहाज किती झुकते ते पाहिले होते. जहाज इतके डोलले की चाचणी मध्येच थांबवावी लागली. तळाशी सुमारे १२० टन दगडी नीरम, म्हणजे जहाज स्थिर राहावे म्हणून भरलेले वजन, होते. आणखी नीरम भरल्याने गुरुत्वमध्य खाली आला असता, पण जहाजही पाण्यात अधिक बुडून तोफांची खालची दारे पाण्याजवळ आली असती. वाऱ्याच्या झोताने जहाज कलले आणि त्याच दारांतून पाणी आत शिरले. सांगाडा १९६१ मध्ये वर काढण्यात आला. आजच्या जहाजांत तळाच्या टाक्यांतले इंधन संपत जाते तसा गुरुत्वमध्य वर सरकतो, म्हणून गरजेनुसार टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेतात.

एकूण वस्तुमान तेच ठेवूनही गुरुत्वमध्य मुद्दाम हलवता येतो. ध्वनीपेक्षा वेगाने उडताना ‘कॉन्कॉर्ड’ विमानाच्या पंखांवरील उचल, म्हणजे विमानाला वर उचलून धरणारे हवेचे बल, मागे सरके. तोल राखण्यासाठी सुमारे २० टन इंधन पंपाने मागच्या टाक्यांत नेले जाई, आणि वेग कमी करताना ते पुन्हा पुढे आणले जाई.