पार्श्वभूमी : बीजिंगचा ८१ नंबरचा बंगला आणि ‘ग्वेई’ची अडचण

२०१४च्या जुलैत बीजिंगच्या चाओयांगमेन भागातल्या एका पडक्या, तीन मजली बंगल्यापुढे तरुणांची रीघ लागली. निमित्त होतं नुकत्याच झळकलेल्या थ्रीडी भयपटाचं. सिनेमा देखणा, भपकेबाज, आणि नावातच बंगल्याचा नंबर. ४० कोटी युआनच्या वर गल्ला झाला; चिनी भयपटासाठी तो तेव्हाचा उच्चांक. बंगल्यावरची गर्दी मात्र इतकी वाढली की शेवटी फाटक बंद करावं लागलं.

दंतकथा सगळ्यांना पाठ : १९४९ मध्ये कम्युनिस्टांपुढे हरलेल्या राष्ट्रवादी राजवटीतला अधिकारी तैवानला पळाला, मागे राहिलेल्या बाईने गळफास घेतला. ती बायको की ठेवलेली, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं. नोंदींमध्ये अशा कुटुंबाचा मागमूस नाही. इमारत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. परदेशी मिशनऱ्यांना चिनी शिकवणाऱ्या शाळेशी तिचं नाव जोडलं जातं, आणि मालकी चर्चकडे. ती पाडायचा बेत नव्वदच्या दशकात बारगळला, तोही म्हणे भुताच्या भीतीने. म्हणणारे म्हणतात.

खरा गुंता वेगळाच आहे. ‘चीनमध्ये भुतांवर बंदी आहे’ हे वाक्य सर्रास फेकलं जातं, पण २००२ पासून लागू असलेल्या मुख्य चित्रपट नियमावलीत ‘भूत’ हा शब्दच नाही. तिथे मनाई आहे ती ‘अंधश्रद्धेच्या प्रचारा’ला. ऑलिम्पिकच्या तोंडावर, २००८च्या फेब्रुवारीत, सूडाने पेटलेले आत्मे, पिशाच्चं वगैरेंची यादी देणारा फतवा निघाला खरा. पण तो होता डीव्हीडी-सीडीसारख्या मालासाठी, आणि कारण दिलं होतं मुलांच्या मनावरच्या परिणामाचं. सिनेमावाल्यांनी त्यातून घ्यायचा तो बोध घेतला.

त्यातच शब्दांची कसरत. चिनीत ‘ग्वेई’ म्हणजे मेलेल्या माणसाचं भूत, तर ‘याओ’ म्हणजे कोल्हा, साप, झाड अशांना सिद्धी मिळून झालेली मायावी शक्ती. मराठीत दोघांनाही ‘भूत’ म्हणून मोकळं होता येतं. तिथे याच फरकावर पटकथा तरते किंवा बुडते. याओ पुराणकथेत खपते, ग्वेई अंधश्रद्धेत मोडतो. सतराव्या शतकातल्या एका प्रसिद्ध कथेत माणसाचं कातडं पांघरणारी बाई मूळची ग्वेई. २००८च्या चित्रपटात तीच कोल्हीण झाली. सेन्सॉरपुढे टिकायचं तर भुताची जात बदला, एवढाच याचा अर्थ. उरलेले दिग्दर्शक शेवटच्या दहा मिनिटांत भास, औषधं, मनोविकार काढतात आणि दीड तास घाबरलेल्या प्रेक्षकाला वेड्यात काढतात. घाबरवायची खरी भिस्त मग नेपथ्यावर, कपड्यांवर आणि प्रकाशावर येते. या भयपटांच्या नटवेपणाचं मूळ बरंचसं इथे आहे.

हे नवं नाही. १९६३ मध्ये रंगभूमीवरची ‘भूतनाटकं’ थांबवली गेली होती, आणि त्याआधी तिसाच्या दशकात राष्ट्रवादी राजवटीनेही अंधश्रद्धेच्याच नावाखाली देवदानवांचे तलवारपट अडवले होते. राजवटी बदलल्या, सबब तीच.

गंमत म्हणजे २०१७ मध्ये मृतांच्या जगात घडणारा हॉलिवूडचा ॲनिमेशनपट चीनमध्ये लागला आणि तुफान चालला. तिथे सांगाडे नाचलेले चालले. त्याच वर्षी ८१ नंबरचा दुसरा भागही आला. एव्हाना बंगल्याचीही डागडुजी झाली होती.