कोऱ्या शीटची विमाने: मोठ्या व्हॅक्युम-फॉर्म मॉडेलांची पार्श्वभूमी

लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बरच्या पंखांचा पसारा १०२ फूट. १/३२ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्श्याच्या मॉडेलमध्ये, तो ९७ सेंटिमीटर भरतो. आज हे विमान याच प्रमाणात इंजेक्शन मोल्डिंगच्या किटमध्ये मिळते, खोके उघडले की इंजिनापासून मशीनगनपर्यंत सगळे भाग तयार. तरीही व्हॅक्युम-फॉर्म पद्धतीने, म्हणजे तापवलेले प्लॅस्टिकचे शीट साच्यावर बसवून, पांढऱ्या शीटवर उठवलेले तेच विमान कापून, घासून, आतला सगळा ऐवज स्वतःच्या हाताने घडवून उभे करणारे मॉडेलकार आहेत. या पद्धतीत स्वतः घडवलेल्या भागांना एवढे महत्त्व कसे आले, याचे उत्तर १९७० आणि ८०च्या दशकांत साच्यांबाबत झालेल्या एका निवडीत आहे. त्या निवडीवर आजवर टीकाच जास्त झाली.

तंत्र मूळचे छंदाचे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या फुगीर काचा ॲक्रिलिकचे शीट तापवून आकाराला आणल्या जात. युद्धानंतर स्वस्त प्लॅस्टिक शीट मुबलक झाले आणि फ्रिजच्या आतले पांढरे अस्तर, चॉकलेटच्या खोक्यातला कप्प्यांचा ट्रे, चहाचे प्लॅस्टिकचे कप असा सगळा माल तापवलेल्या शीटपासून निघू लागला. विमानांच्या छोट्या प्रतिकृतींचा प्रवाह वेगळा होता. ब्रिटनमध्ये १९३६ साली १/७२ प्रमाणातली प्लॅस्टिक किट आली. अमेरिकी नौदलाने १९४२मध्ये शाळकरी मुलांकडून त्याच प्रमाणात विमाने ओळखायच्या सरावासाठीची लाकडी मॉडेले कोरून घ्यायला सुरुवात केली, आणि मागणी होती पाच लाखांची. लाकूड कोरून भरीव विमान करणे हा तेव्हा रुळलेला छंद होता. व्हॅक्युम-फॉर्म किटचा पहिला नमुनाही लाकडातच कोरला जाई, म्हणून ही पार्श्वभूमी लक्षात ठेवायची.

दोन पद्धतींतला खरा फरक दाबाचा आहे. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये वितळलेले प्लॅस्टिक दर चौरस सेंटिमीटरला शेकडो किलोच्या दाबाने साच्यात रेटले जाते. साचा बहुधा पोलादाचा लागतो, आणि तो खर्च भरून निघायला किट हजारोंनी खपावी लागतात. व्हॅक्युम-फॉर्ममध्ये तापून लुळे पडलेले शीट साच्यावर ठेवून खालची हवा काढून घेतात. आपण म्हणताना 'शीट ओढले' म्हणतो, पण काम करते ती वरची हवा. ती दर चौरस सेंटिमीटरला जास्तीत जास्त एक किलोने शीट खाली दाबते. पंधरा सेंटिमीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर लांब पंखावर हा भार सहाशे किलोच्या घरात जातो, पण तो सगळीकडे सारखा पडतो. त्यामुळे लाकूड, प्लास्टर किंवा इपॉक्सीचा (ओतल्यावर कडक होणाऱ्या रसायनाचा) साचाही तग धरतो. एक माणूस, एक शेड आणि काहीशे गिऱ्हाइके एवढ्यावर विमान बाजारात आणता येऊ लागले. कोणत्याही मोठ्या कंपनीने हात लावला नसता अशी कितीतरी विमाने त्यामुळे मॉडेलच्या रूपात तरी उरली. या तंत्राचे हे ऋण पुरेसे मानले जात नाही.

सुरुवातीची व्हॅक्युम किट बहुतेक १/७२ची होती. मोठ्या प्रमाणांत तेव्हा एक विचित्र पोकळी होती. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात १/३२ची लढाऊ विमाने आली, १९७०मध्ये ब्रिटनमध्ये १/२४चे स्पिटफायर आले आणि लोकांना मोठ्या आकाराची चटक लागली. पण ही सगळी बहुतांशी एका इंजिनाची, गाजलेली विमाने. मीटरभर पसरणाऱ्या बॉम्बरसाठी पोलादी साचा करायला कुणी धजत नव्हते. ही पोकळी ब्रिटन आणि अमेरिकेतल्या छोट्या उत्पादकांनी १/३२च्या व्हॅक्युम किटनी भरली. त्यांत बॉम्बर होते, नौदलाची विमाने होती, पहिल्या पिढीची जेट होती. खोक्यात मिळे ती पांढरी शीट, काचेसाठी एक पारदर्शक शीट आणि एखादा छापील कागद. पुष्कळदा चाकेही धड नसत आणि कॉकपिटच्या जागी भोकच असे.

आता साच्याचा वाद. साचा दोन प्रकारचा असतो, मेल आणि फिमेल. मेल साचा म्हणजे विमानाच्या अर्ध्या अंगाचा उंचवटा, शीट त्याच्यावर बसते. फिमेल साचा म्हणजे तेवढाच खळगा, शीट त्याच्या आत जाते. मेल साच्यात शीटची आतली बाजू साच्याला टेकते, बाहेरची मोकळी राहते. लाकडावर कितीही बारीक रेषा कोरा, मिलिमीटरभर जाडीच्या शीटमधून बाहेर येताना ती बोथट होते, चादरीखाली झोपलेल्या माणसाच्या सदऱ्याची बटणे दिसत नाहीत तशी. फिमेल साच्यात बाहेरची बाजूच साच्याला चिकटते. खळग्यात बारीक उंच रेषा ठेवली की प्लॅस्टिकवर तिची खोदलेली पॅनेल रेषा, म्हणजे विमानाच्या पत्र्यांच्या सांध्याची रेघ, नेमकी उमटते.

दुसरा मुद्दा मापाचा. मेल साच्यावर शीटची जाडी बाहेरून वाढते. दोन्ही अंगांना एकेक मिलिमीटर धरला तर विमानाचे धड दोन मिलिमीटर फुगते, आणि १/३२मध्ये दोन मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ साडेसहा सेंटिमीटर. लाकूड तेवढे बारीक कोरावे लागते, आणि घाईत केलेल्या किटमध्ये ही वजाबाकी राहून गेलेली दिसते. फिमेल साच्यात बाहेरचे माप साच्याइतकेच निघते.

जाडीचे वाटपही उलट असते. मेल साच्यावर शीट आधी उंच भागाला टेकते, तिथे थिजते आणि जाड राहते. ताण पडतो तो खालच्या कडांवर, म्हणजे नेमका जिथे दोन अर्धे जोडायचे तिथे पातळ शीट हाती येते. फिमेलमध्ये कडा जाड राहतात आणि खळग्याचा तळ पातळ होतो, त्यामुळे जोड चांगला बसतो, पण नाकाच्या टोकाशी शीट कागदासारखे झालेले असते. हवा निघायच्या बारीक भोकांचे पुटकुळ्यांसारखे ठिपके मेल पद्धतीत आत दडतात आणि फिमेलमध्ये बाहेर येतात, एकेक करून घासावे लागतात.

१/७२ आणि १/४८मध्ये निकाल लागला तो फिमेल साच्याच्या बाजूने. काही ब्रिटिश उत्पादकांनी इतक्या नेटक्या खोदीव रेषा दिल्या की त्यांची किट इंजेक्शनच्या बरोबरीने नावाजली गेली. १/३२वाले मात्र बहुतांश मेल साच्यावरच राहिले. कारण खर्चाचे होते. मेल साच्याला कोरलेले लाकूड थेट चालते. फिमेलसाठी आधी तो नमुना करायचा, मग त्यावर इपॉक्सीचा खळगा ओतायचा, आणि मीटरभर पंखासाठी हे काम फार वाढते. कसोशीने रेषा कोरण्यातही अर्थ नव्हता, त्या बोथटच निघणार. म्हणून पृष्ठभाग जवळजवळ कोरा ठेवला गेला.

या निवडीला तेव्हाच्या परीक्षणांतून कंजूसपणा म्हटले गेले आणि तो शिक्का अजून पुसलेला नाही. पैसे वाचवले हे खरेच. पण परिणामांचा हिशेब मांडताना टीकाकार अर्ध्यावर थांबतात. कोऱ्या अंगावर चुकीच्या रेषा नसतात. बोथट रेषा भरून, घासून, पुन्हा कोरण्यापेक्षा मूळ आराखडा शेजारी ठेवून पॅनेल रेषा स्वतः ओढणे सोपे आणि जास्त अचूक. आत काहीच दिलेले नव्हते, म्हणून आत काय होते याचा शोध सुरू झाला. विमानांची देखभाल-पुस्तके, कारखान्यातले फोटो, संग्रहालयात घेतलेली मापे यांची देवघेव मॉडेलकारांत वाढली. १/३२च्या वर्तुळात स्वतः भाग घडवायची जी घट्ट परंपरा दिसते, तिचे मूळ या कोऱ्या किटमध्ये आहे. छान रेषांचे, भरलेल्या खोक्याचे किट मिळाले असते तर ती एवढी रुजली नसती, असे माझे ठाम मत आहे.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते इथे थोडे सांगायला हवे, कारण बाहेरच्याला 'शीटमधून कापा आणि चिकटवा' एवढेच वाटते. आधी प्रत्येक भागाच्या तळाशी, शीटला टेकलेल्या कोपऱ्यात, बारीक पेन्सिलने रेघ मारतात. मग कटरने तिरका काप देऊन भाग मोडून काढतात. त्याच्या कडेला शीटच्या जाडीची पट्टी अजून चिकटलेली असते. काचेवर वॉटर पेपर पसरून, पाणी टाकून, भाग सपाट धरून ती पट्टी घासायची, पेन्सिलची रेघ नाहीशी होईपर्यंत आणि तिथेच थांबायचे. पुढे गेलो तर धड बारीक झाले. पंखाची मागची धार सगळ्यात अवघड. दोन शीट मिळून ती दोन मिलिमीटर जाड होते, खऱ्या विमानात ती सुरीसारखी असते. म्हणून दोन्ही अर्धे जोडण्यापूर्वी आतूनच निमुळते घासून घेतात, उजेडासमोर धरल्यावर कड दुधाळ दिसू लागेपर्यंत.

मग सांगाडा. शीटचे धड हाताने दाबले की दबते, म्हणून आत प्लॅस्टिक शीटचे बल्कहेड, म्हणजे आडवे पडदे, बसवतात आणि पंखांतून लाकडी पट्टी किंवा ॲल्युमिनियमची नळी आरपार घालतात. चाकांचे पाय पितळी नळी आणि पोलादी तार डाख देऊन करतात. एवढ्या आकाराचे वजन प्लॅस्टिकच्या पायांवर काही महिन्यांत फाकते. काचांसाठी जुनी युक्ती आहे. लाकडात आकार कोरायचा, प्लायवूडला त्याच्या बाह्यरेषेचे भोक पाडायचे, त्यावर पारदर्शक शीट टाचायचे, शेगडीवर लुळे पडले की नमुना भोकातून खाली दाबायचा. पंप नको, यंत्र नको. जुन्या किटमधल्या पिवळ्या पडलेल्या काचा अजूनही अशाच बदलल्या जातात.

मापे घेण्यासाठी खरे विमान उरलेले असावे लागते, आणि इथे आपल्याकडचा धागा येतो. युद्ध संपल्यावर कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर बॉम्बर १९४८पासून दुरुस्त करून भारतीय हवाई दलात आणली गेली आणि १९६८पर्यंत वापरात राहिली. पुण्याच्या लोहगाव तळावरून ती समुद्रावर टेहळणीला जात. निवृत्तीनंतर त्यांतली काही ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडातल्या संग्रहालयांत गेली. जगात उरलेल्या मोजक्या लिबरेटरमध्ये भारतातून गेलेल्यांचा वाटा मोठा आहे, म्हणजे परदेशी मॉडेलकारांनी ज्यांची मापे घेतली त्यांतली काही विमाने पुण्याच्या धावपट्टीवरची होती. १/३२मध्ये लिबरेटरचा पसारा एक मीटर पाच सेंटिमीटर होतो. गोव्यात दाबोळीच्या नौदल विमान-संग्रहालयात सी हॉक, ॲलिझे आणि सुपर कॉन्स्टेलेशन ही जुनी विमाने उभी आहेत. ॲलिझेसारख्या विमानाच्या पंखांवरचे चाके पोटात घेणारे कोश नुसत्या तीन बाजूंच्या आराखड्यावरून नीट उमगत नाहीत, जवळ जाऊन पाहावे लागतात.

१९८०च्या दशकात व्हॅक्युम किटची मोठी लाट चेकोस्लोव्हाकियातून आली. १९८९नंतर तिथल्याच छोट्या उत्पादकांनी कमी खर्चाच्या साच्यांतून थोड्या संख्येची इंजेक्शन किट काढायला सुरुवात केली. त्यासोबत रेझिनची इंजिने आणि कोरीव पितळी पत्र्यांची कॉकपिट मिळू लागली. १/७२ आणि १/४८मधली व्हॅक्युम किट दशकभरात मागे पडली. १/३२ला अजून काही वर्षे धक्का लागला नाही. मग पोलादी साचे संगणकावरून कोरले जाऊ लागले. २०१३च्या सुमारास हाँगकाँगच्या एका कंपनीचे १/३२चे बी-१७ हे अमेरिकी बॉम्बर आले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत लँकेस्टरही आले. मीटरभर बॉम्बरला पोलादी साचा परवडत नाही हा चाळीस वर्षांचा समज तिथे संपला.

त्यामुळे गाजलेल्या बॉम्बरपुरते व्हॅक्युम-फॉर्मचे कारण उरले नाही, हे मान्य करावे लागते. उरली ती न गाजलेली विमाने. बंगळूरला घडलेले मारुत हे लढाऊ जेट १/३२मध्ये लांबीला पन्नास सेंटिमीटर आणि रुंदीला अवघे अठ्ठावीस भरते. कंबर आत घेतलेले त्याचे धड दोन मेल साच्यांवर सहज निघेल असे आहे.

अशा कामासाठी आज घरीच साचा करणारे वाढले आहेत. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) पेटी, वर भोकांचा पत्रा आणि खाली घरातला व्हॅक्युम क्लीनर एवढ्यावर शीट बसते. क्लीनरची ओढ पूर्ण निर्वाताच्या पाचव्या हिश्श्याइतकीच असते, म्हणून शीट पुरते लुळे पडू द्यावे लागते आणि हात चपळ लागतो. साच्याचा नमुना पुष्कळजण थ्रीडी प्रिंटरवर काढतात. त्यात वापरले जाणारे पीएलए प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते आणि शीटचे पॉलिस्टायरीन शंभरच्या पुढे. त्यामुळे तापलेले शीट दोनतीनदा बसवले की छापलेला साचाच खचू लागतो. जाणकार त्यावर एकदाच शीट ओढतात, निघालेल्या कवचात प्लास्टर ओततात आणि पुढचे सगळे भाग त्या प्लास्टरवरून काढतात. प्लास्टरचा साचा कवचाच्या आतल्या मापाचा, म्हणजे मूळ नमुन्याइतकाच निघतो. शीटच्या जाडीची वजाबाकी मात्र नमुना संगणकावर आखतानाच करून ठेवावी लागते.