कॉम्प्युटरची तारीख-वेळ चुकतेय? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगवरचे जुने कॉम्प्युटर आमच्या टेबलावर येऊ लागतात. काही महिने बंद असलेलं मशीन चालू केलं तर तारीख 2009 ची निघते, आणि वजनकाट्याच्या पावतीवरही तीच छापली जाते. जूनमध्ये शाळांच्या मशीनचं हेच होतं. "भाऊ, फॉरमॅट मारी द्या," असं सांगून लोक निघतात. फॉरमॅटने यातलं काहीच सुधारत नाही.

मदरबोर्डवर एक स्वतंत्र घड्याळ असतं. वायर भिंतीवरच्या बोर्डात असून बटण चालू असेल, तर शट डाउन केल्यावरही त्याला थोडा करंट मिळत राहतो. बटण बंद केलं किंवा लाइट गेली, की सगळा भार रुपयाच्या नाण्याएवढ्या सेलवर येतो. रात्री बटण बंद करण्याची सवय चांगलीच आहे, सोडू नका. फक्त काही वर्षांनी सेल बदलावा लागेल हे धरून चला.

घड्याळ कसं चुकतं, ते आधी बघा.

तारीख थेट काही वर्षं मागे जात असेल, चालू करताना काळ्या पडद्यावर 'सीएमओएस चेकसम एरर' येऊन एफ1 दाबायला सांगत असेल, तर सेल संपला. मशीन चालू असताना वेळ बरोबर आणि बंद ठेवल्यावर मागे, तरीही संशय सेलवरच.

फरक दर वेळी नेमका तेवढाच असेल तर सेलला हात लावू नका. साडेबारा किंवा साडेतेरा तासांचा फरक म्हणजे बहुधा टाइम झोन अमेरिकेचा राहिलाय. यादीतून +5:30, म्हणजे चेन्नई-कोलकाता-मुंबई-नवी दिल्ली निवडा. विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलेल्या मशीनवर साडेपाच तासांचा घोळ होतो.

दिवसाला एक-दोन सेकंद मागे पडणं हा बिघाडच नाही. या घड्याळातला क्रिस्टल सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि साधारण 25 अंशांना नीट चालतो. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात तो थोडा रेंगाळणारच.

तारीख चुकली की वेबसाइटही उघडत नाहीत, कारण साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र त्या तारखेला लागू नसतं. मग नेटवाल्याला उगाच बोलणी बसतात. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळते खरी, पण घरच्या-दुकानाच्या साध्या मशीनवर 15 तासांहून जास्त फरक असेल तर विंडोज सहसा स्वतःहून दुरुस्त करत नाही. आधी तारीख हाताने टाका, मग 'अपडेट नाऊ' दाबा. तारीख बरोबर करूनही साइट अडत असतील तर दुखणं वेगळं, विंडोजच जुनं झालंय: विंडोज एक्सपीचे अपडेट 8 एप्रिल 2014 ला थांबले, विंडोज 7 चे 14 जानेवारी 2020 ला.

सेल स्वतः बदलणार असाल तर सीआर 2032 मागा. सीआर 2025 तेवढाच गोल असतो पण पातळ, त्यामुळे ढिला बसतो. जुना सेल काढण्याआधी बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. साटा मोडपुढे (हार्ड डिस्कशी कसं बोलायचं ते ठरवणारं सेटिंग) 'आयडीई' आहे की 'एएचसीआय', ती ओळ फोटोत यायलाच हवी. सेल काढल्यावर ती बदलली तर विंडोज सुरू न होता निळा पडदा येतो, आणि चांगली हार्ड डिस्क गेली समजून लोक नवी घेऊन मोकळे होतात! मशीन बंद करून वायर काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा, मग सेल बदला. अधिकची खूण वर.

काढलेला सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते. वाट न बघता दवाखाना गाठा.

लॅपटॉपमध्ये हा सेल बऱ्याचदा वायर जोडलेला असतो, तो घरी उघडू नका. नवा सेल टाकूनही वेळ चुकत असेल तर नुसतं कॅबिनेट आणा, माऊस-कीबोर्ड घरीच राहू द्या. सोबत एका चिठ्ठीवर वेळ किती चुकते, चालू असताना की बंद असताना, एवढं लिहा. सेल तुमच्यासमोर मीटरवर मोजू, 2.8 व्होल्टच्या खाली असेल तरच बदलू.