टीज: चिडवण्याच्या आधीचं पिंजणं

लहानपणी दिवाळीच्या आधी आमच्या गल्लीत पिंजारी यायचा, धनुष्यासारखी मोठी पिंजण खांद्यावर, आणि वर्षभर दबून गोळे झालेला गादीतला कापूस असा काही फुलवायचा की सगळं अंगण पांढरं होऊन जायचं. इंग्रजीतला टीज हा शब्द मला कायम तिथेच नेतो. आपण त्याचा अर्थ चिडवणं एवढाच घेतो, पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता लोकरीचे तंतू ओढून ओढून सुटे करणं, म्हणजे सरळ पिंजणंच! चिडवण्याचा अर्थ नंतर, सतराव्या शतकात आला. पार्लरमध्ये केस उलटे विंचरून फुगवतात तेही टीजिंग. आणि गुंत्यातून नेमकी माहिती बाहेर काढणं म्हणजे टीज आउट, त्याला आपल्याकडे पिंजून काढणं आहेच, कापसाच्या मुलखात हे वेगळं शिकवायला नको.

बीएस्सी केलेल्यांनी हे हातानेही केलेलं असणार. शिळ्या भाकरीवरची बुरशी काचपट्टीवर कॉटन ब्लूच्या निळ्या थेंबात ठेवायची आणि दोन सुयांनी हळूहळू सुटी करायची, लॅबमध्ये याला टीज करणंच म्हणतात. घाई केली की धागे तुटतात, मग मायक्रोस्कोपखाली नुसता चोथा, बीजाणू कुठल्या देठावर होते ते कळतच नाही.

माणसाला चिडवतानाही हात असाच हलका लागतो. मानसशास्त्र सांगतं की खेळकर चिडवण्यात दोन गोष्टी एकदम असतात, एक बारीकशी टोचणी आणि सोबत मी खेळतोय हे सांगणारी खूण, म्हणजे हसरा चेहरा, ओढलेला सूर, मुद्दाम केलेली अतिशयोक्ती. जळगावात कोणी "काय भोऽ, आज एकदम हिरो!" म्हटलं की तो लांबलेला भो म्हणजेच ती खूण.

आणि यासाठी भाषा यावी लागते असंही नाही. माझी भाची नऊ महिन्यांची होती तेव्हा बिस्किट आजोबांपुढे धरायची, त्यांनी हात पुढे केला की पटकन मागे घ्यायची आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायची. चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान हेही असंच करतात, २०२४ मध्ये आलेल्या एका अभ्यासात ७५ तासांच्या व्हिडिओत अशा चिडवण्याचे १४२ प्रसंग सापडले. या सगळ्यांचा आणि आपला पूर्वज एकच, सुमारे १.३ कोटी वर्षांपूर्वीचा, त्यामुळे ही खोड तेवढी जुनी असावी असं संशोधकांना वाटतं.

बिघडतं ते खूण हरवली की. चिडवणाऱ्याला आपल्या मनातलं माहीत असतं, समोरच्याला फक्त शब्द मिळतात, व्हॉट्सअ‍ॅपवर तर सूरही जातो आणि टोचणी तेवढी पोचते. म्हणूनच ईव्ह टीजिंग हा शब्द मला मनापासून खटकतो. बस स्टँडवर अनोळखी पोरीला अडवून घाणेरडे शेरे मारणं यात खेळ कुठेय? भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये अशा वागण्याला लैंगिक छळ म्हटलंय, पेपरात बातमी छापतानाही तेच लिहायला पाहिजे.