मारुती ८०० मधील इंजिनबदल

झिजलेले ७९६ सीसी इंजिन उतरवून त्या जागी त्याच जातीचे किंवा अधिक ताकदीचे इंजिन बसवणे, याला मारुती ८०० च्या संदर्भात इंजिनबदल म्हणतात. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. त्यामुळे आजची प्रत्येक ८०० जुनीच आहे आणि इंजिनही बहुधा वापरलेलेच मिळते.

मूळ इंजिन एफ८बी. तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह, ६८.५ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ७२ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव). आधी कार्बोरेटर, नंतर एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने इंधन. ताकद ३७ बीएचपीच्या आसपास. २००० च्या सुमारास याच मापांचे बारा व्हॉल्व्हचे एफ८डी पाच गिअरसह आले, ते ४५ च्या आसपास देते. वॅगन आरमध्ये वापरलेल्या १०६१ सीसीच्या एफ१०डीचे बोअर-स्ट्रोकही हेच, फक्त सिलिंडर चार.

बदलाचा निर्णय कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजल्याशिवाय घेऊ नये. सिलिंडरांमध्ये दर चौ. सेंमीला १ किलोपेक्षा जास्त फरक दिसला, तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा-बोअर गेले. जैसे थे राहिला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा, आणि मग नुसत्या हेडच्या (ब्लॉकवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या भागाच्या) कामावर भागते. निळ्या धुराला घाबरून चांगला ब्लॉक भंगारात घालणारे पुष्कळ असतात. ऑइल खाण्याचे कारण कित्येकदा कडक झालेली व्हॉल्व्ह सील एवढेच असते.

कुर्ल्यासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात ‘फुल इंजिन’ आणि ‘हाफ इंजिन’ असे दोन प्रकार मिळतात. हाफमध्ये हेड नसते. ऑम्नीचे इंजिनही एफ८बीच, पण ते सीटखाली गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते आणि मागची चाके फिरवते. म्हणून त्याचा ब्लॉक घेतला तर ऑइल चेंबर, ऑइलची जाळी, मॅनिफोल्ड आणि माउंटिंगचे ब्रॅकेट ८०० चेच चढवावे लागतात. खरेदीपूर्वी पुलीच्या नटावर पाना लावून क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) हाताने पूर्ण फिरवून पाहावा. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली, तर पाणी ऑइलमध्ये गेल्याची शंका घ्यावी.

उतरवण्याचे काम सोपे आहे. बॅटरी, बॉनेट, रेडिएटर काढून, गिअरबॉक्सचे ऑइल सोडून, ड्राइव्ह शाफ्ट मोकळे करून इंजिन-गिअरबॉक्स चेन कप्पीने एकत्रच वर घेतात. खरे काम पुढे, इंजिन बाहेर असताना. फ्लायव्हीलमागचे ऑइल सील, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप तेव्हाच नवे घालावेत. मागचे सील वाचवले की ऑइल क्लच प्लेटवर येते, क्लच घसरतो आणि शंभर-दोनशे रुपयांच्या सीलपायी गिअरबॉक्स पुन्हा खाली येतो. टायमिंग बेल्ट एका दाताने चुकला तरी गाडी सुरू होते, पण पिकअप मरते. पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, इग्निशन तोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडाथोडा मारावा. कूलंट भरताना हीटर चालू स्थितीत ठेवून हवा काढावी. अडकलेल्या हवेमुळे तापमानाचा काटा खोटे सांगतो आणि हेड वाकते.

कार्बोरेटरच्या गाडीत एफ८डी घालायचे, तर इंजिनपेक्षा भोवतालचे सामान जास्त लागते. कार्बोरेटरला कॅमशाफ्टवर चालणारा कमी दाबाचा पंप पुरतो; इंजेक्टरला कित्येक पट जास्त दाब हवा, म्हणजे विजेचा पंप असलेली टाकी आणि त्या दाबाला टिकणाऱ्या नळ्या. त्याशिवाय ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), सेन्सर आणि पूर्ण वायरिंग. सामान ज्या गाडीचे तिला इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी चोरीरोधक यंत्रणा) असेल तर ईसीयू, इमोबिलायझर आणि किल्ली तिन्ही एकाच गाडीची घ्यावी, नाहीतर इंजिन फिरेल पण पेटणार नाही. पाच गिअरचा बॉक्स, त्याचे शाफ्ट आणि लिव्हरचा रॉडही संचातच. वायरिंग कापून आणलेला ‘स्वस्त’ संच शेवटी सर्वांत महाग पडतो.

एफ१०डी एका सिलिंडरने लांब असल्याने माउंटिंग नव्याने बनवावे लागते आणि रेडिएटरही मोठा लागतो. स्पर्धांच्या गाड्यांत याहून पुढे जाऊन एस्टीमचे १२९८ सीसी इंजिनही घालतात. बारा इंची चाके आणि मूळचे ब्रेक त्या वेगासाठी नाहीत, तेव्हा आधी ब्रेक, मग इंजिन.

रस्त्यावरच्या गाडीला मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ लागू होते. नोंदणीपुस्तकातील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. कलम १८२अ नुसार प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे एफ८बीच्या जागी एफ८बी हाच सरळ मार्ग, आणि त्यातही इंजिन क्रमांक बदलत असल्याने आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. त्यासाठी विक्रेत्याचे बिल आणि इंजिन ज्या गाडीतून निघाले तिची कागदपत्रे जपावीत. पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीत निरीक्षक ब्लॉकवरचा क्रमांक पाहतो. त्याची सुरुवातच इंजिनाच्या जातीने होत असल्याने एफ८डी तिथे लपत नाही.